काडतुसाच्या ताब्यातली बंदूक

बंदुकीचा इतिहास बहुधा बंदुकांच्या नावांनी सांगितला जातो. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, मग कोल्टचे रिव्हॉल्व्हर, विंचेस्टर, माउझर, मॅक्सिम. शस्त्रसंग्रहालयांच्या भिंतीही साधारण याच क्रमाने सजवलेल्या असतात आणि काडतुसांच्या वाट्याला खालची एखादी काचपेटी येते. हा क्रम चुकीचा नाही, पण त्याने नजर भलतीकडे जाते. १८०० ते १८९० या नव्वद वर्षांत बंदुकीचे जे रूपांतर झाले, त्यातला निर्णायक भाग नळी, घोडा आणि दस्ता यांत घडला नाही. तो बंदुकीत भरायच्या मालात घडला: ठिणगीत, गोळीच्या आकारात, काडतुसाच्या पितळी पुंगळीत आणि शेवटी दारूत. याचा परिणाम लढाईपुरता राहिला नाही. पूर्वी ज्याच्या हाती बंदूक, त्याच्या हाती तिची ताकद असे. काडतूस आल्यावर ती ताकद काडतुसांचा कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे गेली. हिंदुस्थानाने हा पालट फार जवळून सोसला आहे, म्हणून त्याचा पुरावाही इथे इतर देशांपेक्षा ठळक सापडतो.

आधी जुन्या बंदुकीचा संसार पाहायला हवा. शोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू, शिशाची गोळी, ठासायला गज आणि पेटवायला जळता तोडा, एवढ्यावर ती चाले. यातली कुठलीही वस्तू एका राजाच्या किंवा एका कारखान्याच्या मक्त्याची नव्हती. नळी घडवणे हे कसबी लोहाराचे काम होते, पण ते लोहाराचेच काम होते. गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात तिथल्या बंदुका घडवणाऱ्या कारागिरांना बोहेमियाच्या कारागिरांच्या तोलाचे ठरवले होते, आणि बोहेमियाचे काम तेव्हा युरोपात उत्तम मानले जाई. १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचलेली बंदूक तिथल्या तलवारी घडवणाऱ्या लोहाराने थोड्याच काळात उतरवून काढली. नळीचे बूड बंद करणारा मळसूत्री खिळा तेवढा त्याला नडला, आणि तेही लवकरच साधले. पुढे तीस-चाळीस वर्षांत जपानी सरदार हजारोंनी बंदुका वापरू लागले. आपल्याकडे महादजी शिंद्यांसाठी द बॉयन्यने जे कंपू उभे केले, त्यांच्या तोफा आणि बंदुका आग्र्याला सँगस्टर या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखाली तयार होत. १८०३च्या युद्धाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या रँडॉल्फ कूपर यांनी दाखवून दिले आहे की शिंद्यांचा तोफखाना इंग्रजांच्या तोडीचा होता, आणि पराभवाची कारणे हत्यारांपेक्षा युरोपी अधिकाऱ्यांच्या फितुरीत आणि पैशाच्या गणितात शोधावी लागतात. म्हणजे असईच्या मैदानापर्यंत एखादे हिंदी राज्य मनात आणले तर हत्यारांची बरोबरी साधू शकत होते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

दारू मात्र नाजूक. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी जी काळजी दिसते ती त्या काळच्या कारभाराचा उत्तम नमुना आहे. दारूखाना घरांजवळ नसावा, वस्तीवरून येणारा वारा त्याच्याकडे जाऊ नये, जमिनीखाली गच्च बांधून त्यात माच घालून वर दारूची मडकी ठेवावीत, हवालदाराने ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून उन्हे द्यावीत. सह्याद्रीच्या पावसात सर्दावलेली दारू म्हणजे फुसका बार, आणि फुसका बार म्हणजे गेलेला किल्ला, हे अमात्यांना नीट ठाऊक होते. दारूचा शत्रू ओल, आणि ओलीवर उपाय किल्ल्यावरच्या माणसांच्या हातात. सगळा व्यवहार गडाच्या तटाच्या आत पुरा होत होता.

मग प्रश्न असा येतो की जलद उडणारी, मागून भरायची, एकामागून एक बार काढणारी बंदूक एवढी उशिरा का आली? कल्पना सुचली नाही म्हणून, हे उत्तर टिकत नाही. आठव्या हेन्रीसाठी बनवलेली, १५३७ हे साल कोरलेली, मागून भरायची बंदूक इंग्लंडच्या राजशस्त्रागारात आहे. तिच्यात आधी भरून ठेवलेली लोखंडी पुंगळी बसवायची सोय होती. १७१८ साली जेम्स पकल या लंडनच्या वकिलाने फिरत्या कप्प्यांच्या तोफवजा बंदुकीचे पेटंट घेतले. १७७६ साली पॅट्रिक फर्ग्युसनने मळसूत्राने उघडणारी मागून भरायची रायफल दाखवली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत ब्रँडीवाइनच्या लढाईत ती प्रत्यक्ष वापरली गेली. या साऱ्या यंत्ररचना हुशारीच्या होत्या, आणि साऱ्या बाजूला पडल्या. प्रत्येकीच्या वाट्याला वेगळी अडचण आली, कुठे खर्च, कुठे नाजूक भाग, पण मुळाशी दोन दुखणी कायम होती. पहिले असे की ठिणगी बाहेर पडायची, उघड्या कानावरच्या रंजकीवर, त्यामुळे वारा आणि पाऊस दोन्ही आड येत. दुसरे असे की नळीचे मागचे तोंड उघडायचे ठेवले की बार उडताना तापलेला वायू फटीतून मागे येऊन माणसाच्या तोंडावर यायचा आणि दारूच्या काजळीने सगळे सांधे जाम व्हायचे. लोखंडावर लोखंड कितीही घासून बसवले तरी ती फट मिटेना. बंदूक सुधारून हे दुखणे बरे होणार नव्हते.

पहिले दुखणे रसायनशास्त्राने काढले. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने पाऱ्यापासून होणाऱ्या फल्मिनेट या स्फोटक संयुगाची माहिती रॉयल सोसायटीपुढे ठेवली. ठोका बसताच ते भडकते, विस्तव लागत नाही. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. चकमकीच्या बंदुकीत आधी रंजक भडकते आणि मग बार उडतो, त्या क्षणभरात पाणपक्षी सावध होऊन उडून जात. फोर्साइथने ठोक्याने भडकणारी पूड बंदुकीला जोडली आणि १८०७ साली पेटंट घेतले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्या पुडीला तांब्याच्या टोपीचे रूप आले, तीच कोकणात ठासणीची बंदूक वापरणारे ज्याला अजून केप म्हणतात ती वस्तू. १८३४ साली वूलिचला दोन्ही तऱ्हांची तुलना झाली तेव्हा ६,००० बारांत चकमकीचे ९२२ बार फुकट गेले आणि टोपीचे ३६. नळी तीच, गोळी तीच, दारू तीच. बदलली ती फक्त ठिणगी, आणि तीही बंदुकीच्या अंगातून निघून बार भरताना दर वेळी नवी लावायच्या वस्तूत गेली. हा फरक प्रयोगशाळेपुरता नव्हता. मे १८४१ मध्ये पहिल्या अफूयुद्धात कँटनजवळ मुसळधार पावसात ३७व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक तुकडी मुख्य फौजेपासून तुटली. चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या आणि चिनी गावकऱ्यांच्या जमावापुढे त्या शिपायांकडे फक्त संगिनी उरल्या. त्यांना सोडवायला टोपीच्या बंदुका घेतलेले गोरे मरीन्स पाठवावे लागले. एकाच सरकारची दोन माणसे, एकाच पावसात, एकाचा बार उडतो आणि दुसऱ्याचा उडत नाही. ज्याचा उडत नाही तो हिंदी शिपाई आहे, हा योगायोग पुढे फार वेळा दिसणार होता.

इथे एक आक्षेप येईल. रायफलिंगचे काय? नळीच्या आत कोरलेले मळसूत्री चर गोळीला गिरकी देतात आणि नेम लांबवर नेतात. हा तर निखळ बंदुकीतला शोध. खरे आहे, पण तो जर्मन कारागिरांना १५००च्या आसपासच ठाऊक होता. साडेतीनशे वर्षे तो शिकाऱ्यांच्या आणि थोड्याशा निवडक तुकड्यांच्या कामाचा राहिला, कारण चरांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकत ठोकत खाली न्यावी लागे. ती सैल केली तर चर निरुपयोगी, घट्ट केली तर बार भरायला फार वेळ. ही कोंडी गोळीने फोडली. बुडाशी पोकळ असलेली, भरताना सैल आणि बार उडताच फुगून चरांत रुतणारी गोळी. या कल्पनेच्या उगमाविषयी एक गोष्ट सांगतात, ती आपल्याला जवळची आहे: हिंदुस्थानात नोकरीला असलेला कॅप्टन जॉन नॉर्टन याला दक्षिणेतल्या फुंकनळीच्या बाणांच्या बुडाशी लावलेला, फुंकरीने नळीत गच्च बसणारा मऊ गाभा पाहून ती सुचली. विल्यम ग्रीनरने १८३०च्या दशकात तशी गोळी करून दाखवली, आणि १८४९च्या सुमारास फ्रेंच कॅप्टन मिनिएने तिला जे रूप दिले ते जगभर पसरले. ब्रिटिश सरकारने मिनिएला २०,००० पौंड दिले, ग्रीनरला पुढे १,००० पौंड. शंभर-दीडशे पावलांपलीकडे भरवसा नसलेली पायदळाची बंदूक या शिशाच्या तुकड्याने तीनशे-चारशे पावलांवर नेम धरू लागली. चर होतेच, त्यांना जाग आणली गोळीने.

आणि याच गोळीच्या मागे १८५७चे काडतूस येते. १८५३च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीत चरांमुळे गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लागणे भाग होते. गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीला ते लागत नव्हते. काडतुसाचा कागद दातांनी फोडायचा, त्यावर चरबी आणि मेण यांचे मिश्रण, आणि ती चरबी कोणत्या जनावराची हे ठेकेदाराकडून कुणी तपासून घेतलेले नाही. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली, २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, २४ एप्रिलला मीरतला ३ऱ्या घोडदळातल्या ९० पैकी ८५ स्वारांचा नकार. काडतुसाने १८५७ घडवले असे म्हणणे उथळ आहे. अवध खालसा झाले होते, भत्ते गेले होते, समुद्रापार नोकरीची सक्ती आली होती. पण मीरतच्या स्वारांना दिलेली काडतुसे जुन्याच पद्धतीची होती, तरीही त्यांनी ती घेतली नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सरकारने शिपायांना आपले वंगण आपण लावायची मुभा दिली, कागद हाताने फोडायची कवायत लागू केली, पण विश्वास परत आला नाही. बंदूक शिपायाच्या खांद्यावर रोज होती, तिचा कोपरान् कोपरा त्याच्या ओळखीचा होता. काडतूस मात्र दुसरीकडे, त्याच्या नजरेआड, बांधून येत होते, आणि त्यात काय आहे हे सांगणाऱ्यावर विसंबण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. बंदुकीचा जीव बाहेरच्या कारखान्यात गेल्याची पहिली मोठी राजकीय किंमत इंग्रजांनाच मोजावी लागली.

दुसरे दुखणे, म्हणजे मागच्या फटीतून निसटणारा वायू, याचे औषधही बंदुकीबाहेर सापडले. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या सॅम्युएल पॉली या स्विस कारागिराने १८१२ साली गोळी, दारू आणि ठिणगी एकाच काडतुसात बांधून मागून भरायची बंदूक काढली. काळाच्या कितीतरी पुढची गोष्ट, आणि म्हणूनच तिचे चीज झाले नाही. त्याच्या हाताखाली शिकलेल्या ड्रायझेने प्रशियासाठी सुईची बंदूक बनवली. लांब सुई कागदी काडतुसातल्या दारूतून आरपार जाऊन गोळीच्या बुडाशी ठेवलेल्या टोपीवर आपटे. १८६६ साली क्योनिग्रेत्सला प्रशियन शिपाई आडवे पडून कित्येक पट वेगाने बार काढत होते आणि ऑस्ट्रियन शिपाई उभे राहून ठासत होते. तरी सुईच्या बंदुकीतून वायू इतका निसटे की शिपाई ती खांद्याला लावण्याऐवजी कमरेशी धरत. फ्रेंचांच्या शास्पोने रबराचे कडे घालून फट बुजवली. तेही कडे झिजे, फाटे. अखेर उपाय निघाला तो असा: फट बुजवायचे काम बंदुकीला द्यायचेच नाही. पितळेच्या पातळ पुंगळीत सगळे भरायचे. बार उडताच ती फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, वायूला मागे वाट राहत नाही, आणि दाब उतरताच किंचित आकसते म्हणून सहज बाहेर काढता येते. दर बाराला नवे झाकण, एकदाच वापरायचे. बंदूक घडवणाऱ्यांना तीन शतके न सुटलेले कोडे एका फेकून द्यायच्या वस्तूने सोडवले. १८६६ साली वूलिचचा कर्नल बॉक्सर आणि अमेरिकेचा हायरम बर्डन यांनी पुंगळीच्या बुडात टोपी बसवायच्या दोन वेगळ्या रीती काढल्या. पुढे बॉक्सरची रीत अमेरिकेत रुळली आणि बर्डनची युरोपात.

बंदूक काडतुसावर किती अवलंबून राहू लागली याचा पुरावा काडतूस बिघडले की मिळतो. बॉक्सरचे सुरुवातीचे काडतूस अखंड पितळेचे नव्हते. पातळ पत्र्याची गुंडाळी आणि तिला जोडलेले बूड असे ते होते. १७ जानेवारी १८८५ ला सुदानमध्ये अबू क्लीला वाळू आणि उन्हात मार्टिनी-हेन्री रायफली ऐन गर्दीत अडकल्या. ओढायला जावे तर बूड निघून येई आणि गुंडाळी नळीतच राही. बंदुकीत दोष नव्हता, पण तिचा सोटा झाला. त्यानंतर ब्रिटिश लष्कराने ओढीव पितळेची अखंड पुंगळी स्वीकारली. ती करायची म्हणजे तांबे आणि जस्त ठरावीक प्रमाणात वितळवून पत्रा काढायचा, त्याची चकती, चकतीची वाटी, वाटीची नळकांडी, दर पायरीला प्रचंड दाब आणि दोन पायऱ्यांच्या मधे पुन्हा भट्टीत तापवून मऊ करणे. शिवाय प्रत्येक नग केसभराच्या फरकात एकसारखा. हे कुठल्याही गावच्या लोहाराच्या आवाक्यातले काम नव्हते. हिंदुस्थानच्या हवेने या पितळेलाही आपली ओळख करून दिली. पावसाळ्यात तबेल्यांच्या आसपास साठवलेल्या काडतुसांना आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेत ओढकामाने उरलेला ताण यांचा तो मिळून परिणाम, हे १९२१ साली नीट उलगडले, आणि उपाय म्हणजे पुंगळी शेवटी हलकी तापवून ताण काढणे. अमात्यांच्या काळी ओलीवरचा उपाय हवालदाराच्या हातात होता. आता तो धातुशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आणि कारखान्याच्या भट्टीत गेला.

तरी यंत्रांचा पक्ष घेणारा म्हणेल की गॅटलिंग आणि मॅक्सिमला विसरून चालणार नाही. विसरायचे नाहीच. पण गॅटलिंगच्या १८६२च्या बंदुकीत कागदी काडतुसे पोलादी कप्प्यांत घालून बसवावी लागत आणि वायू निसटे. धातूचे काडतूस मिळाल्यावर ती बंदूक कामाची झाली. मॅक्सिमने १८८४ साली बाराच्या धक्क्यानेच पुढचा बार भरायची युक्ती काढली, आणि ती अलौकिक होती. पण ती शक्य झाली ती शेकडो काडतुसे तंतोतंत एकसारखी मिळू लागली म्हणून. एक वाकडे निघाले की मॅक्सिमही मुकी. त्याच साली फ्रान्समध्ये पॉल व्येलने बिनधुराची दारू काढली आणि १८८६ची लेबेल रायफल तिच्यासाठी घडवली गेली, म्हणजे दारू आधी, बंदूक मागून. सर्वांत बोलका दाखला इंग्लंडचा. १८८८च्या ली-मेटफर्ड रायफलीचे चर उथळ आणि गोलसर होते, कारण काळ्या दारूची काजळी त्यांत साचू नये. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली, तिच्या उष्णतेने ते चर भराभर झिजू लागले, आणि १८९५ साली चर बदलून ली-एन्फील्ड आणावी लागली. पुढे अर्धे शतक हिंदी शिपायाच्या खांद्यावर दिसलेल्या त्या रायफलीच्या नळीचा आकार एका नव्या दारूने ठरवला होता. गोळीचे महत्त्व किती वाढले होते ते डमडमच्या शस्त्रागारात बर्टी-क्लेने टोक मऊ ठेवून बनवलेल्या गोळीवरून कळते. ती अंगात शिरून फुलत असे, आणि १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीची घोषणा झाली. एखाद्या रायफलीवर परिषदेने बंदी घातली नाही, गोळीवर घातली.

एक वेगळा आक्षेप मात्र वजनदार आहे. दारूगोळ्यावर ताबा म्हणजे सत्ता, यात नवीन काय? प्लासीनंतर कंपनीने बिहारच्या शोऱ्याचा मक्ता घेतलाच होता, आणि युरोपातल्या तिच्या शत्रूंना त्याची झळ बसली होती. हे मान्य. पण शोरा हा मातीतून निघणारा माल होता. उत्तर हिंदुस्थानात गावोगावचे नोनिया तो खारट मातीतून धुऊन काढत, आणि इतरत्रही तो निघे. मक्त्याने तो महाग झाला, अशक्य झाला नाही. मराठ्यांची, शिखांची, टिपूची दारू मक्त्यानंतरही उडत होती. पितळी काडतुसाची गोष्ट निराळी, कारण त्यात माल थोडा आणि कारखाना जास्त. दुसरे असे म्हणता येईल की सुटे भाग एकसारखे करणारी यंत्रे बंदुकीच्या बाबतीतही आली होती, मग काडतुसालाच एवढे श्रेय का? कारण बंदूक एकदा केली की तीस वर्षे चालते. काडतूस एकदाच चालते. चोरलेली, लुटलेली, वारशाने आलेली बंदूक बंडखोराच्या कामी येते. काडतुसे संपली की त्याला पुन्हा कारखान्याच्या दारात यावे लागते, आणि ते दार कुणाचे हा प्रश्न उरतो.

ते दार कुणाचे, हे इंग्रजांनी १८५७नंतर पक्के केले. एन्फील्डच्याच घाटाची, पण आतले चर नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक खास नेटिव्ह पलटणींसाठी काढण्यात आली. तोफखाना बहुतांशी गोऱ्यांच्या हाती गेला. हिंदी शिपाई हत्यारात गोऱ्यापेक्षा एक पिढी मागे ठेवायचा, हा अलिखित दंडकच झाला. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदच्या मैदानावर त्याचे चित्र दिसते. ६६व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री, आणि तिच्याच ओळीत लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या १ल्या ग्रेनेडिअर्सकडे आणि ३०व्या जेकब्ज रायफल्सकडे जुनी स्नायडर. एकाच फळीत दोन तऱ्हांची काडतुसे, जी एकमेकांच्या बंदुकीत बसत नाहीत. दोन वर्षे आधी, १८७८ साली, हत्यारांचा कायदा आला होता आणि त्यात शस्त्रांबरोबर दारूगोळाही परवान्याखाली आला होता. त्याआधीच, १८६९ साली, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची फौज याच खडकीच्या परिसरात इंग्रजांशी लढून हरली होती. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या बंदुका एकाच पिढीच्या होत्या. बावन्न वर्षांनी तिथे जो माल तयार होऊ लागला, तो करण्याची ताकद हिंदुस्थानातल्या कुठल्याही संस्थानिकाच्या बळावर उभी राहिलेली नव्हती. आग्र्याच्या सँगस्टरने दहा-वीस वर्षांत जे साधले, ते आता दहा-वीस वर्षांत साधण्यासारखे राहिले नव्हते.

सरहद्दीवरून मात्र एक उलटा दाखला येतो. कोहाटजवळच्या दर्रा आदमखेलचे आफ्रिदी कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साध्या कानशींनी मार्टिनी आणि ली-एन्फील्डच्या हुबेहूब नकला करत होते. म्हणजे लोहार अजून जिवंत होता. होताच. पण दर्राची गोष्ट माझ्या म्हणण्याला बळकटीच देते. रायफल त्यांनी हुबेहूब केली, काडतुसे मात्र वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून किंवा बाहेरून आणून भागवावी लागली, आणि हाताने भरलेल्या काडतुसात कारखान्याच्या टोपीचा आणि दारूचा भरवसा नसतो. मस्कतमार्गे येणाऱ्या चोरट्या हत्यारांबरोबर काडतुसेही खोक्यांनी येत, आणि १९१०च्या सुमारास ब्रिटिश आरमाराने इराणच्या आखातात जी नाकेबंदी केली तिचा रोख त्या दोन्हींवर होता. बंदूक डोंगरात घडू शकत होती, तिचे अन्न समुद्रावरून येत होते.

हेच क्रांतिकारकांनीही ओळखले होते. २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली गेली. लोकांच्या लक्षात पिस्तुले राहिली, पण एका पिस्तुलामागे ९२० काडतुसे पडतात, आणि १९१८च्या रौलट समितीने या एका चोरीला बंगालच्या चळवळीच्या हिशेबात जे महत्त्व दिले ते त्या साठ्याशिवाय समजत नाही. सोळा वर्षांनी, १८ एप्रिल १९३० च्या रात्री, सूर्य सेन यांच्या तरुणांनी चितगावची दोन शस्त्रागारे घेतली. ऑक्झिलरी फोर्सच्या शस्त्रागारात त्यांना रायफली मिळाल्या, लुईस मशीनगन मिळाल्या, आणि त्यांची काडतुसे मिळाली नाहीत. ती त्या जागी ठेवलेली नव्हती. काडतुसे हाती लागली असती तर चितगाव टिकले असते असे मी म्हणणार नाही. शहर वेढायला फौज येणारच होती, आणि तिच्यामागे अख्ख्या साम्राज्याचे कारखाने होते. पण चार दिवसांनी, २२ एप्रिलला जलालाबादच्या टेकडीवर ते तरुण लढले ते पोलिसांच्या एकबारी मस्केटींनी, कारण काडतुसे होती ती तेवढ्यांचीच. समोरच्या सैनिकांकडे मशीनगन होत्या आणि त्यांचा दारूगोळाही. बारा जण तिथे पडले. जी हत्यारे चार रात्रींपूर्वी त्यांच्या हातात आली होती ती वापरता न आल्यामुळे त्यांनी शस्त्रागारातच मोडून जाळून टाकली होती.